सरांचा ‘बोर्ड’

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप जहाजावर मिळाला आणि डोळ्यांपुढे उभे राहिले ते इंग्रजीचे सर. शाळेनं पुष्कळ दिलं, पण मी लिहिणार ते त्यांच्याबद्दलच.

नववीचा वर्ग. आम्ही बोर्डिंगातली पोरं मागच्या बाकांवर. धड्यात ‘बोर्ड’ शब्द आला तसं कुणीतरी विचारलं, “सर, बोर्ड म्हणजे फळा, मग आम्ही राहतो ते बोर्डिंग कसं?” सरांनी पुस्तक मिटलं आणि उरलेला सगळा तास त्या एका शब्दाला दिला.

जुन्या इंग्रजीत बोर्ड म्हणजे साधी फळी. इंग्लंडात पूर्वी लाकडी टेकूंवर फळी टाकून जेवायला बसत. म्हणून फळीचं टेबल झालं, टेबलाचं त्यावरचं जेवण, आणि जेवणखाणाची सोय ते बोर्डिंग. टेबलाभोवती बसून कारभार पाहणारी मंडळीही बोर्डच. दहावीला आम्ही ज्याचा धसका घेतला तेही त्यातलंच. ‘कपबोर्ड’ म्हणजे मुळात पेले मांडायचं टेबल, दारं मागाहून आली. जहाजाची बाजू तीही बोर्ड. सुकाणूचं वल्हं उजव्या अंगाला असे, म्हणून ती बाजू ‘स्टारबोर्ड’. त्यात तारा नाही, सुकाणू आहे. डावी ‘लारबोर्ड’. वाऱ्यात ओरडून सांगताना दोन्हींचा घोटाळा होई, म्हणून १८४४ साली ब्रिटिश नौदलानं डावीला ‘पोर्ट’च म्हणायचा हुकूम काढला.

मग सर बोलता बोलता कोल्हापूरच्या बोर्डिंगांकडे वळले. शाहू महाराजांनी १९०१ पासून काढलेली बोर्डिंगं, १९२४ चं कर्मवीरअण्णांचं साताऱ्याचं बोर्डिंग. म्हणाले, “पोरांनो, कुणीतरी पुढ्यात भाकरी ठेवली म्हणून तुम्ही या बाकावर आहात.” त्या दिवशी संध्याकाळी सर आमच्या पंगतीला येऊन बसले. असा शिक्षक मी पुन्हा पाहिला नाही.

आज मी व्यापारी जहाजावर चीफ इंजिनिअर आहे. स्टारबोर्ड हा शब्द दिवसभर तोंडात असतो. नव्यानं रुजू झालेल्या आपल्याकडच्या पोरांना मी हे सगळं सांगतो, सरांच्याच क्रमानं.

आपलं बोर्डिंग बंद झाल्याचं ऐकून फार वाईट वाटलं. फळ्यांच्या जागी पडदे आले, येऊ देत. पण एका शब्दाला तास देण्याची मोकळीक आजच्या शिक्षकांना हवी. सरांच्या नावानं शब्दांच्या व्युत्पत्तीचा मोठा इंग्रजी कोश ग्रंथालयाला पाठवतो आहे. तो कपाटात कुलूपबंद ठेवू नये, मुलांच्या हाताला लागेल असा बाहेर टेबलावर असावा, एवढी मुख्याध्यापकांना विनंती.