नांदूरमध्यमेश्वर: आधी बंधारा बघा, मग पक्षी

नाशिकजवळच्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात गेलेले बहुतेक लोक थेट निरीक्षण मनोऱ्यावर चढतात, फोटो काढतात, फ्लेमिंगो दिसले नाहीत म्हणून जरा नाराज होतात आणि परत नाशिकला. आम्ही जानेवारीत गेलो तेव्हा ठरवून आधी बंधाऱ्यावर गेलो आणि जाणाऱ्या सगळ्यांना माझं हेच सांगणं आहे. हे अख्खं अभयारण्य त्या बंधाऱ्यामुळे झालंय, ते एकदा लक्षात आलं की समोरची बेटं, गवत, उथळ पाणी, कुठला पक्षी कुठं बसतो, सगळ्याचा अर्थ लागायला लागतो.

जागा निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा जिथं मिळतात तिथं. वर त्र्यंबक-इगतपुरीला धो धो पाऊस आणि खाली हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. म्हणून इंग्रजांच्या काळात १९०७ ते १९१३ च्या दरम्यान इथं दगडी बंधारा बांधला, आणि त्याच्या डाव्या-उजव्या कालव्यांतून पाणी कोपरगाव, राहाता भागात नेलं. त्या बाजूचा जो ऊस आपण बघतो त्याच्या मुळाशी हे कालवे आहेत. मागून दारणा धरण झालं, म्हणजे साठा वर आणि नांदूरला फक्त पाणी अडवून कालव्यात वळवायचं, अशी सगळी रचना. आजही ती तशीच चालू आहे, नुसती जुनी वास्तू म्हणून उभी नाहीये.

आता खरी गंमत. गोदावरी, दारणा, कादवा या नद्या येताना माती घेऊन येतात आणि बंधाऱ्यापाशी वेग मंदावला की ती खाली बसते. शंभर वर्षं हेच चाललंय. गाळ साचत गेला, त्याची बेटं झाली, बेटांवर पाणगवत, झाडं, मधे गुडघाभर पाण्याच्या पसरट जागा. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हे नुकसानच, साठवण कमी झाली. पण शेपटी वर करून तळाचं खाणाऱ्या बदकांना, चिखलात चोच खुपसणाऱ्या पाणथळ पक्ष्यांना आणि लांब पायांच्या बगळ्या-करकोच्यांना असंच उथळ पाणी लागतं. खोल धरणावर एवढी विविधता नसते, जवळच्या कुठल्याही मोठ्या धरणावर जाऊन बघा, मधे नुसतं निळं पाणी आणि काठावर दोन बगळे.

१९८६ ला अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र साधारण १०० चौरस किमी, त्यात गावं, शेतं सगळं आलं. ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेल्याचं जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, लोणार आणि ठाणे खाडी नंतर आल्या. याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात ते ऐकलं असेलच. मला ही तुलना पटते, पण पक्ष्यांच्या संख्येमुळे नाही. राजस्थानात भरतपूरला पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेलं केवलादेवसुद्धा माणसाने बांध घालून, पाणी फिरवून केलेलं तळं आहे, तिथंही पाणी कोण कधी सोडतं यावरच सगळं अवलंबून. इथंही तसंच.

आणि हाच मुद्दा जाणाऱ्यांच्या कामाचा आहे. कालव्याला आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरल्या पाळीचं पाणी, सुटलं की पाण्याची पातळी बदलते. पाणी भरलेलं असेल तर चिखलाच्या जागा बुडतात आणि छोटे पाणथळ पक्षी पांगतात, बदकं मात्र मधे मजेत असतात. पाणी उतरलं की उलट, कडा उघड्या पडतात आणि शेकाटे, तुतारी, चमचे, शराटी सगळे जवळ येतात. त्यामुळे निघायच्या आधी फोन करून फक्त "पक्षी आहेत का" असं विचारू नका, "पाणी किती आहे, आवर्तन चालू आहे का" हे विचारा. तिथले गाईड गावातलेच असतात, त्यांना हे तोंडपाठ असतं.

आम्ही गेलो तेव्हा पाणी मध्यम होतं. चापडगावच्या बाजूने सुरुवात केली, सकाळी एवढं धुकं की तासभर नुसते आवाज, जांभळ्या पाणकोंबड्यांचा कलकलाट आणि लांबून कुठूनतरी चक्रवाकांची हाक. धुकं उठलं तसं एकेक दिसायला लागलं, थापटे, तलवार बदकं, गढवाल, शेकड्यांनी वारकरी (कूट) पक्षी, एका वाळक्या झाडावर चित्रबलाक आणि पाणकावळे. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून खालून फिरला की पाण्यावरचे सगळे पक्षी उठायचे आणि परत बसायचे, हे परत परत बघूनही कंटाळा येत नाही. गाईडदादांनी स्कोप लावून दिला म्हणून लांबच्या बेटावरची पट्टेरी डोक्याची हंसं नीट बघता आली, हिमालय ओलांडून येणारा पक्षी निफाडच्या गाळावर ऊन खात बसलाय, अंगावर काटा आला. करकोच्यांचा थवा मात्र पाण्यावर नाही, बाजूच्या हरभऱ्याच्या शेतात होता. शेताकडे बघायला विसरू नका.

पाण्याच्या बाबतीत एक गोष्ट मनाला लागली, ती म्हणजे पाणवेली. नाशिक शहराचं सांडपाणी गोदावरीत येतं, त्यावर त्या पोसतात आणि वाहत वाहत खाली येतात, सायखेड्याच्या पुलाला अडकतात, बाकीच्या इथवर. पूर आला की गाळ आणि पाणवेली दोन्हींचा त्रास वरच्या गावांना होतो, ऑगस्ट २०१९ ला चांदोरी-सायखेड्यात पाणी शिरलं होतं. गाळ काढा म्हणणाऱ्या गावकऱ्यांचं म्हणणं मला चूक वाटत नाही, घरात पाणी त्यांच्या शिरतं. पण सरसकट काढला तर बेटंही जातील. कुठला काढायचा आणि कुठला ठेवायचा हे पक्षी ओळखणारे, पाटबंधारेवाले आणि गावं यांनी एकत्र बसून ठरवायला पाहिजे. पाणवेलींचं उत्तर मात्र सरळ आहे आणि ते नाशिकमध्येच आहे, नदीत सोडायच्या आधी पाणी शुद्ध करा.

जाताना चांदोरीला थांबाच. पेशव्यांचे दिल्लीतले वकील हिंगणे, त्यांचं हे गाव, वाडा आहे. आणि नदीपात्रात जुनी दगडी मंदिरं आहेत, बंधाऱ्याच्या फुगवट्यामुळे ती एरवी पाण्यात असतात आणि पाणी उतरलं की उघडी पडतात. ती बघायची तर उन्हाळ्यात वेगळी चक्कर मारावी लागेल.

आता कामाचं. नाशिकपासून साधारण ४० किमी, संभाजीनगर रोडने चांदोरी, तिथून सायखेडा, मांजरगाव करत चापडगाव. ट्रेनने आलात तर निफाड स्टेशन, तिथून गाडी करावी लागते आणि ती आदल्या दिवशीच सांगून ठेवा. निफाडकडून खानगाव थडीची बाजू सोयीची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, रोहित (फ्लेमिंगो) यायचे झाले तर हंगामाच्या शेवटाकडे, पण दरवर्षी येतीलच असं धरून चालू नका. थंडीला हलकं घेऊ नका, राज्यातलं सगळ्यात कमी तापमान हिवाळ्यात कितीतरी वेळा निफाडलाच नोंदवलं जातं. कानटोपी, जाड जर्किन, ओल्या गवतात चालायचे बूट. उजाडायच्या आत पोचा, ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि फोटो धूसर येतात. गाईड घ्याच, पैसे थेट गावात जातात आणि एकट्याने फिरून अर्धेही पक्षी ओळखता येत नाहीत. भडक कपडे, स्पीकर, ड्रोन नको. संध्याकाळी उसाच्या कडेने पायी फिरू नका, निफाडच्या उसात बिबटे आहेत हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. चहा-नाश्ता सायखेड्यात किंवा निफाडात उरकून घ्या, पाण्याच्या बाटल्या सोबत ठेवा, आणि रविवार टाळता आला तर टाळा, मनोऱ्यावर गर्दी होते आणि मग सगळ्यात आधी जवळचे पक्षी उडतात.