जकातवाला जर्मन, कोरियाचा उपमंत्री

दक्षिण कोरियातलं इंचॉन म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना फक्त विमानतळ आठवतो. तो तर बेटावर आहे. खरं गाव म्हणजे जुनं जेमुल्पो बंदर, आणि मी राहते ते त्याच बाजूला. इथे भरती-ओहोटीतला फरक नऊ मीटरपर्यंत जातो. ओहोटीला समुद्र दिसेनासा होतो आणि नजर पोचेल तिथवर चिखल. पूर्वी मोठी जहाजं वोल्मीदो बेटाजवळ नांगर टाकायची आणि माल पडावांतून किनाऱ्याला यायचा. सिन्पो स्टेशनजवळ कस्टमचं लाल विटांचं जुनं गोदाम जपून ठेवलंय. ते जपानी राजवटीतलं, 1911 चं. पण इथलं कस्टम त्याहून जुनं, जून 1883 मध्ये सुरू झालेलं, आणि ते उभं केलं एका जर्मनाने.

मी एका फ्रेट कंपनीत आयातीचे कागद बघते. एचएस कोडवरून (कुठल्या मालाला किती जकात हे ठरवणारा आकडा) हुज्जत घालण्यात दिवस जातो, त्यामुळे या माणसाबद्दल मला जरा जास्तच आपुलकी आहे, हे आधीच सांगून टाकते.

पाउल गेओर्ग फॉन म्योलेनडोर्फ. जन्म 1847, प्रशियातला. हाले विद्यापीठात कायदा आणि भाषा शिकला आणि 1869 मध्ये चीनच्या सागरी कस्टममध्ये नोकरीला लागला. त्या काळी चिनी बंदरांतली जकात गोळा करायला परदेशी अधिकारी असत. सगळ्यांचा प्रमुख रॉबर्ट हार्ट हा आयरिश माणूस. म्योलेनडोर्फला तिथे फारसा वाव मिळाला नाही. पाचेक वर्षांत त्याने कस्टम सोडलं आणि चीनमधल्या जर्मन वकिलातीत दुभाषा झाला. तिएनत्सिनला असताना ली हुंगचांग या बड्या चिनी मुत्सद्द्याच्या नजरेत भरला.

इकडे कोरियाची गोची वेगळीच होती. जपानबरोबरच्या 1876 च्या तहानंतर जपानी मालावर जकात शून्य. 1878 मध्ये कोरियाने बुसानजवळ नाकं बसवलं, तेही फक्त आपल्याच व्यापाऱ्यांकडून वसुली करायला. जपानने युद्धनौका आणून उभी केली आणि काही महिन्यांत नाकं बंद. मग 1882 च्या अमेरिकेबरोबरच्या तहात पहिल्यांदा दर ठरले: साध्या मालावर 10 टक्के, चैनीच्या वस्तूंवर 30. आता वसूल करणार कोण? ली हुंगचांगने म्योलेनडोर्फचं नाव पुढे केलं. त्याचा हिशेब सरळ होता. कोरियाच्या तिजोरीच्या दारात आपला माणूस बसला की कोरिया आपल्या मुठीत.

1882 च्या डिसेंबरात म्योलेनडोर्फ राजधानी सोलला पोचला. राजा गोजोंगने त्याला परराष्ट्र खात्यात घेतलं आणि पुढे उपमंत्री केलं. मोक इन-देओक असं कोरियन नाव मिळालं, लोक त्याला मोक चाम्पान म्हणजे मोक उपमंत्री म्हणू लागले. त्याचा कोरियन दरबारी पोशाखातला फोटो आजही सापडतो: अंगात झगा, डोक्यावर काळी टोपी, डोळ्यांवर चष्मा. इंचॉन, वॉन्सान आणि बुसान या तीन बंदरांत त्याने कस्टम कचेऱ्या उघडल्या. दुभाषे तयार करायला इंग्रजी शाळा काढली, टांकसाळीतही लक्ष घातलं. नोव्हेंबर 1883 मध्ये जर्मनीशी तह झाला तेव्हा हा जर्मन टेबलाच्या कोरियन बाजूला होता. मला त्याच्या सगळ्या कारकिर्दीत हे सगळ्यात आवडतं.

सगळंच मात्र कौतुकाचं नाही. पैशांची चणचण होती म्हणून त्याने पाच पटीच्या दर्शनी किमतीचं हलकं नाणं पाडायचा सल्ला दिला. सुधारकांचा पुढारी किम ओक-ग्युन विरोधात होता, त्याला जपानकडून कर्ज हवं होतं. नाणी निघाली, महागाई भडकली. इथे किम बरोबर होता असं माझं मत. दोघांचं वैर तिथून पेटलं.

4 डिसेंबर 1884 ला सोलमध्ये नव्या टपाल कचेरीची मेजवानी होती. बाहेर आगीची बोंब उठली. राणीचा नातेवाईक मिन योंग-इक बघायला बाहेर गेला आणि तलवारीचे वार झेलून रक्तबंबाळ परत आला. किमच्या गटाचं बंड सुरू झालं होतं. म्योलेनडोर्फने मिनला आपल्या घरी नेलं आणि नुकताच आलेला अमेरिकन मिशनरी डॉक्टर होरेस ॲलन याला बोलावून घेतलं. मिन वाचला. त्यातून 1885 मध्ये कोरियातलं पहिलं पाश्चात्त्य पद्धतीचं सरकारी इस्पितळ उभं राहिलं, आणि हाच ॲलन पुढे अमेरिकेचा इथला राजदूत झाला. (त्या काळच्या सोलमध्ये कोणी आपल्या धंद्यात टिकतच नसे बहुतेक.) ती टपाल कचेरी अजून आहे, जोग्येसा देवळाच्या शेजारी, अगदी लहानशी. सोलला आलात तर नक्की बघा.

बंड चिनी फौजेने तीन दिवसांत मोडलं. आता चीन आणि जपान दोघांच्या फौजा सोलमध्ये. म्योलेनडोर्फने ठरवलं, तिसरा भिडू आणायचा. 1885 मध्ये तो तोक्योला गेला असताना त्याने रशियन वकिलातीशी गुपचूप बोलणी केली: कोरियन सैन्याला रशियन शिक्षक द्या. कल्पना वाईट नव्हती, पण परराष्ट्रमंत्री किम युन-सिकला पत्ताच नव्हता. रशियन प्रतिनिधी ठरल्याप्रमाणे करार मागायला सोलला आला, तेव्हा मंत्र्याने हात झटकले. त्याआधीच एप्रिलमध्ये रशियाच्या धास्तीने ब्रिटिशांनी दक्षिणेचं कोमुन्दो बेट बळकावलं होतं आणि ब्रिटिश आरमाराच्या प्रमुखाकडे निषेध नोंदवायला नागासाकीपर्यंत जावं लागलं ते याच म्योलेनडोर्फला. ली हुंगचांग भडकला. त्याच वर्षी उपमंत्रिपद गेलं, कस्टमही गेलं.

पुढे तो परत चिनी कस्टममध्ये, निंगपो बंदरात. तिथे बसून त्याने मांचू भाषेचा अभ्यास केला. मांचू रोमन लिपीत लिहायची त्याची पद्धत अभ्यासक आजही वापरतात. 1901 मध्ये तो निंगपोलाच वारला.

ली हुंगचांगने त्याच्या जागी नीट पारखून दोन अमेरिकन पाठवले: कस्टमला मेरिल आणि राजाचा सल्लागार म्हणून ओवेन डेनी. मेरिल मुकाट्याने काम करत राहिला. डेनीने 1888 मध्ये पुस्तिका छापून जाहीर केलं की कोरिया स्वतंत्र देश आहे आणि चीनला त्यात ढवळाढवळ करायचा अधिकार नाही.