तेल चहासारखं आलं की

आज कुर्ल्यात जुनी फोर बाय फोर सफारी लिफ्टवर चढली. पुढच्या डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचा) तेल काढायचा ड्रेन प्लग सोडला, तर तेल आलं दुधाच्या चहासारखं. म्हणजे आत पाणी. सगळे सीलला, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कडीला, शिव्या घालतात, पण खोड बहुतेकदा ब्रीदरची, म्हणजे हवा आत-बाहेर सोडणाऱ्या छोट्या तोंडाची. तापलेलं डिफरन्शियल तुंबलेल्या पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल, तर सीलच्या कडेनं पाणी ओढलं जातं. सील बदलाच, पण ब्रीदरला रबरी नळी जोडून ती पार बॉनेटखाली वर न्या. नवं तेल 500 किलोमीटरला पुन्हा बघा.

गंज बघायला चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, हातोडीनं ठोका. आवाज बद्द आला, तर कुजका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करा. गंजावर थेट अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या पोटाला मारायचा संरक्षक थर? आपल्या खाऱ्या हवेत तर अजिबात नको, ओल आत कोंडते.