कसं लागलं?

आमच्या ड्रेसिंग रूममध्ये शिरणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न हाच विचारते, आणि त्याला सरळ उत्तर क्वचितच मिळतं. खोटं बोलतात असंही नाही. केसपेपरच्या रांगेत, मग डॉक्टरांच्या दाराबाहेरच्या बाकावर, शेजारच्या दोघातिघांना सांगून सांगून हकिकत गुळगुळीत झालेली असते. माझ्यापर्यंत येईस्तोवर तिच्यातून दारू गळालेली असते, भावाशी झालेली बाचाबाची गळालेली असते, आणि कोयता आपल्या आपणच हातातून निसटलेला असतो. "कांय ना गो सिस्टर, मातशें लागलां." या मातशाला टाके पडतात.

मला चौकशीची हौस नाही. (आहे, पण ती वेगळी.) लागलं कसं आणि कधी, यावर पुढचं सगळं ठरतं. गंजका पत्रा की घरातली आदोळी (विळी), आजचं की परवाचं, वरून हळद दाबलीय की टूथपेस्ट चोपडलीय. लोकांच्या दृष्टीने मात्र कशानेही लागलं तरी औषध एकच, "टीटी मार." आता टीटी येत नाही, त्याच्या जागी टीडी आलं, त्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पाचीही लस असते, असं मी सुरुवातीला मन लावून समजावत असे. सगळं ऐकून घेऊन समोरचा विचारायचा, "म्हणजे टीटीच ना?" हल्ली मी "हो, टीटीच" म्हणून मोकळी होते. गेल्याच वर्षी घेतलंय तर आज नको, हे पटवायला त्याहून जास्त वेळ जातो. सुई न टोचता घरी पाठवलं की माणसाला फसवल्यासारखं वाटतं.

आमचा भाग गोव्यातल्या सत्तरी तालुक्याचा. फेब्रुवारी सरत आला की काजूचा हंगाम लागतो आणि माझ्यासमोरचे हात बदलतात. बोंडूची बी पिरगळून काढणाऱ्या बायकांची बोटं काळवंडतात, कातडी सोलवटते. बीच्या कवचातलं तेल अंगाला लागलं की आधी आग होते, मग फोड येतात. पोर्तुगीजांनी हे झाड ब्राझीलहून आणलं. त्याची फेणी पार इथली झाली, पण तेलाची सवय काही आपल्या कातडीला अजून झाली नाही. त्यातच २०१५पासून सत्तरीत रानातल्या गोचिडीतून येणाऱ्या माकडतापाची धास्ती आहे, त्यामुळे काजूच्या बागेत जाणारं कुणी ताप घेऊन आलं की ड्रेसिंग बाजूला राहतं आणि आधी डॉक्टरांना हाक जाते.

अशाच दिवसांत एक शाळकरी पोरगा हात घेऊन आला. चहा सांडला म्हणाला. चहाने भाजलेलं कातडं लालभडक होऊन एका ओघात खाली उतरतं. याच्या मनगटापासून कोपरापर्यंत वेगवेगळे काळे ठिपके होते, प्रत्येकाभोवती फोडाची कड. विस्तवात टाकलेली काजूची बी तडकून तेल उडतं ते असं. मी काही बोलले नाही. दोन दिवसांनी पट्टी सोडली तर गॉझ चिकटलेलं. ते ओढायचं नसतं. सलाईन ओतायचं आणि ते आपणहून सुटेपर्यंत थांबायचं. या थांबण्यात माणसं बोलतात. त्याचा हात माझ्या हातात, दोघांनाही करायला काही नाही, नजर त्या ओल्या कापडावर. "चहा न्हय," तो म्हणाला. पुढच्या खेपेला बी कोणाच्या बागेतली होती तेही कळलं. बागवाला माझ्याकडेच पायाच्या ड्रेसिंगला येतो, हे अर्थात मी त्याला सांगितलं नाही.

कुत्रा चावलेल्यांची हकिकत तर हप्त्याहप्त्याने येते, कारण लसच हप्त्याने असते: शून्यावा दिवस, तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा. दरवेळी दोन्ही दंडांत कातडीच्या आत ०.१ मिली. पहिल्या दिवशी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायला लावते तेव्हा कुत्रा रस्त्यावरचा असतो, कोणाचा ते ठाऊक नाही. तिसऱ्या दिवशी तो शेजाऱ्याचा होतो. सातव्या दिवशी, बाही वर करता करता, "आमचोच गो. जेवताना ताटाक हात लायलो." आता हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, असं तेव्हाच सांगता आलं असतं. पण घरचा कुत्रा चावला म्हणणं म्हणजे घरातलं भांडण वेशीवर टांगणं. काहीजण मात्र पहिल्या डोसनंतरच वाद घालतात, गोव्यात आता रेबीज नाही म्हणून. २०२१मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज नियंत्रित राज्य जाहीर झालं खरं. ते कुत्र्यांना आणि माणसांना लसी टोचूनच झालं, एवढं बोलून मी पुढची सिरिंज भरते.

पावसात रात्री कुर्ल्या (खेकडे) धरायला गेलेल्यांची बोटं, दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याचा सांगाडा बांधताना तारेने फाटलेले तळवे, हे येतं आणि जातं. त्यांच्या हकिकतीही सरळ असतात, कारण त्यात लाजण्यासारखं काही नसतं.

"कसं लागलं?" याला शंभर टक्के खरं उत्तर देणारे एकच. "कळलंच नाही." मधुमेहाचे जुने रोगी. पायाची जाणीव गेलेली असते. त्या बागवाल्याच्या चपलेत खिळा वर आला होता आणि तो दिवसभर त्याच खिळ्यावर बागेत फिरला. रात्री सुनेला फरशीवर रक्ताचे डाग दिसले. जखम खोल, आणि तो ऐसपैस बसून मला यंदाचा काजूचा दर सांगत होता. कण्हणाऱ्याची मला काळजी वाटत नाही. मी आत चिमटा घालून साफ करतेय आणि माणूस दर सांगतोय, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

त्याला मी सांगून ठेवलं: घरातही अनवाणी नको, रोज रात्री तळवे आरशात बघायचे, आणि चप्पल घालण्याआधी उलटी करून झटकायची, आत हात फिरवायचा. पुढच्या वेळी विसरला. त्याच्या पुढच्याही. मग मी जरा आवाज चढवला.

परवा आला तो दोन्ही चपला हातात घेऊन, उलट्या धरून, मला दाखवायला. गेटपासून ड्रेसिंग रूमपर्यंत अनवाणी. मी कपाळावर हात मारून घेणार होते, पण हातात ग्लोव्ज होते.