दोन मीटर नायक्रोम

मंगळवार, रात्री

बी.एस्सी.ला फिजिक्स घेऊन हायस्कूलवर शिकवायचं ठरवलेल्या मुलांच्या तयारीत एक जागा रिकामी राहते. ती बी.एड.ला भरून निघेल असं सगळे धरून चालतात. बी.एड.च्या दोन वर्षांत शाळेत काढायचे २० आठवडे असतात, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. पण पाठ टाचणं, फलकलेखन आणि वर्ग सांभाळणं यातच ते सरतात. बंद पडलेलं उपकरण चालू करायची सवय आधीच, कॉलेजच्या लॅबमध्ये लावून घ्यावी लागते. तिथे मात्र बोर्ड तयार असतो, टर्मिनलवर नावं छापलेली आणि पॉवर सप्लाय स्थिर. शाळेच्या कपाटातून निघतात गंजलेल्या क्लिपा आणि ५०० मिलिअँपिअर, म्हणजे ०.५ अँपिअरपर्यंतच धारा मोजणारा अॅमीटर.

नववीचा ओहमचा नियम घ्या: विभवांतर वाढेल त्याच प्रमाणात धारा वाढते, म्हणून दोन्हींचा आलेख सरळ रेषेत येतो. ०.५ मिमी जाडीच्या नायक्रोमच्या (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूच्या) तारेचा रोध मीटरला साधारण साडेपाच ओहम. एक मीटर तार लावून तीन सेल जोडले की धारा ०.८ अँपिअरकडे जाते, काटा टोकाला आपटतो आणि तार तापते. दोन मीटर घेतली तर रोध ११ ओहम, धारा ०.४, काटा मोजपट्टीवरच राहतो. तार पेन्सिलीवर गुंडाळायची, पण वेढे एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. तार उघडी असते; वेढे टेकले की रोध गुपचूप कमी होतो आणि आलेखातला एखादा बिंदू उगाच वर उडतो. कळ फक्त वाचनापुरती लावायची. विभवांतर सेलवरच्या छापील आकड्यावरून लिहायचं नाही, तारेच्या दोन टोकांवरच मोजायचं. जुन्या सेलचं विभवांतर कळ लावताच खाली बसतं.

जोडणी चुकली तर काय दिसतं, हेही मुद्दाम करून पाहायला हवं. व्होल्टमीटर (विभवांतर मोजणारा) तारेला समांतर न लागता एकसर, म्हणजे तिच्यामागोमाग त्याच वाटेत लागला तर काही जळत नाही. अॅमीटर शून्याजवळ बसतो आणि व्होल्टमीटर सेलचं जवळपास सगळं विभवांतर दाखवतो. अॅमीटर समांतर लागला तर धारा त्याच्यातूनच धावते आणि काटा वाकतो. वर्गात दहा गट असतात. लांबूनच काट्याकडे बघून कोणाचं काय चुकलंय हे ओळखता आलं पाहिजे.

तारेऐवजी टॉर्चचा बल्ब लावू नये. फिलॅमेंट तापलं की रोध कित्येक पट वाढतो, आलेख वाकतो आणि मुलं म्हणतात, 'सर, नियम चुकला.' (हल्ली टॉर्चमधून एलईडीच निघतो, तो तर आणखी वेगळं प्रकरण.) खरं तर तो वाकडा आलेखही दाखवण्यासारखा आहे, पण दुसऱ्या तासाला.

एकसर जोडलेल्या दोन बल्बांत 'पहिला बल्ब करंट खातो' हा समज बी.एस्सी.च्या मुलांतही सापडतो. विद्युत मंडलांची किरचॉफची गणितं सुटतात, तरी समज जागेवरच. अॅमीटर पहिल्या बल्बाआधी, मग दोघांच्या मध्ये, मग दुसऱ्यानंतर लावायचा. वाचन तिन्हीकडे तेच येतं, पण आधी अंदाज वहीत लिहून घेतला तरच या प्रयोगाला अर्थ.

भिंगांतही तसंच. १० सेंमी नाभीय अंतराचं बहिर्वक्र भिंग, १५ सेंमीवर मेणबत्ती, ३० सेंमीवर दुप्पट मोठी उलटी प्रतिमा. आता भिंग अर्धं पुठ्ठ्याने झाकलं तर? 'अर्धी प्रतिमा जाईल' असं सांगणारे पदवीधर कमी नाहीत. प्रतिमा पूर्णच राहते, फक्त मंद होते. दोनच किरणांची आकृती काढायची सवय नडते ती इथे.

शिवाय नववी-दहावीला एकटं फिजिक्स कोणी शिकवत नाही. त्याच शिक्षकाला रसायन आणि जीवशास्त्र घ्यावं लागतं, म्हणून जोडविषयात केमिस्ट्री ठेवलेली बरी.

बुधवारसाठी पिशवीत: नायक्रोम दोन मीटर, नवे सेल तीन, क्लिपांची टोकं घासायला पॉलिशपेपरचा तुकडा.