चार तासांची बैठक

रविवार, रात्री साडेदहा

आज दुपारी अडीच वाजता दाराला कडी लावली, फोन स्वयंपाकघरात ठेवला आणि अमेरिकन संगीतकार मॉर्टन फेल्डमन यांची ‘फॉर फिलिप गस्टन’ ही १९८४ सालची रचना अथपासून इतिपर्यंत एका बैठकीत ऐकली. चार तासांहून अधिक चालणारी ही रचना केवळ तीन वादकांसाठी आहे: एक बासरीवर, एक पियानो आणि चेलेस्टा या घंटांसारख्या नादाच्या पेटीवर, आणि तिसरा व्हायब्राफोन, मरिंबा यांसारख्या काठ्यांनी वाजवायच्या पट्ट्यांच्या वाद्यांवर. शब्द नाहीत, ताल धरून ठेवणारे कोणी नाही, आणि आवाज सबंध वेळ इतका हलका की खिडक्या लावूनही दादरच्या आमच्या घरात तो दोनदा पावसाखाली पार बुडाला.

गस्टन चित्रकार होते आणि फेल्डमन यांचे जिवलग मित्र. १९५० च्या दशकात गस्टन यांची तरल, गुलाबी-करड्या रंगांची अमूर्त चित्रे फेल्डमन यांना आपल्याच संगीताची भावंडे वाटत. मग १९७० च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या मार्लबरो गॅलरीत गस्टन यांनी नवी चित्रे मांडली: टोकदार बुरखे घातलेली, कू क्लक्स क्लॅन या अमेरिकेतील वर्णद्वेषी संघटनेची माणसे, त्यांच्या बोटांतल्या सिगार, बूट, उघडे लोंबते दिवे. ती पाहून फेल्डमन यांच्याकडून शब्द फुटला नाही आणि त्या मौनातच मैत्री संपली. १९७८ साली गस्टन यांनी मित्राचे चित्र रंगवले, त्यात फेल्डमन यांचा चेहरा पलीकडे वळलेला आहे. १९८० मध्ये गस्टन वारले, तेव्हा कॅडिश ही ज्यू लोकांची मृतासाठीची प्रार्थना म्हणायला फेल्डमन उभे राहिले. रचना त्यानंतर चार वर्षांनी आली.

चित्रकाराच्या आयुष्यावरचे संगीत म्हटले की आपण त्यात चित्रे शोधू लागतो. सुरुवातीचा तासभर मीही तेच केले आणि काही हाती लागले नाही. आरंभीचे चार स्वर दोघांचेही मित्र असलेल्या संगीतकार जॉन केज यांच्या आडनावातील अक्षरांवरून (C, A, G, E ही पाश्चात्त्य स्वरांचीही नावे आहेत) घेतलेले आहेत. म्हणजे पहिल्या क्षणी ऐकू येते ती मैत्री, चित्र नव्हे. ते चार स्वर तिन्ही वाद्ये वाजवतात, परंतु प्रत्येकाचे मोजमाप निराळे असल्यामुळे कधी पियानोचा स्वर आधी पडतो, कधी बासरी केसभर मागे राहते. आलाप ऐकत वाढलेल्या कानाला संथपणाचे काही वाटत नाही. मात्र आलापाला षड्जावर परतायचे असते, आणि येथे तेच स्वर पुन्हा पुन्हा परतत असूनही घरी आल्याचे समाधान त्यांना एकदाही मिळत नाही.

दुसऱ्या तासानंतर मला पुढच्या स्वराची वाट पाहण्याची सवय सुटली. तिसऱ्या तासात पियानोचा एक स्वर विझत असताना त्याची शेवटची कंपने संपेपर्यंत मी श्वास रोखून बसलो होतो, आणि तेथेच मला जहांगीर आर्ट गॅलरीतील १९९८ सालची ती संध्याकाळ आठवली.

माझा मित्र तोवर करड्या रंगांतील शांत, अमूर्त चित्रे काढत असे आणि ती मला प्राणापलीकडे प्रिय होती. त्या प्रदर्शनात त्याने अचानक गिरणी आणली. १९८२ च्या संपात त्याच्या वडिलांची नोकरी गेली होती, ती गिरणी त्याने लालबागच्या खोलीत बसून सोळा वर्षांनी रंगवली: फाटकाला लावलेले भलेमोठे कुलूप, चपलांचा ढीग, माणूस कोठेच नाही. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “कसं वाटतंय रे?” मी बराच वेळ गप्प राहिलो आणि शेवटी म्हणालो, “फ्रेमिंग छान झालंय.” नंतर गॅलरीतल्या समोवार या उपाहारगृहात त्याने चहा मागवला, पण तो प्यायला थांबला नाही. त्यानंतर आमची भेट झाली ती लग्नाकार्यांत, तीही चार माणसांत.

फेल्डमन यांनी आपल्या त्या मौनाची सफाई या रचनेत कोठेही दिलेली नाही, आणि त्यासाठी मला ही रचना फार मोठी वाटते. १९७० मध्ये त्या भिंतींपुढे जो वेळ त्यांना देता आला नाही, तो त्यांनी चार तासांच्या हिशेबाने मांडून ठेवला, आणि तोही इतक्या हळू आवाजात की ऐकणाऱ्याने स्वतःहून जवळ सरकावे. गस्टन यांना ते ऐकायला मिळाले नाही.

रचना संपली तेव्हा सात वाजायला आले होते आणि पाऊसही थांबला होता. मित्राच्या धाकट्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली की चित्रे अजून लालबागलाच आहेत, कुलपाचे चित्र पलंगामागे भिंतीला टेकवून ठेवले आहे आणि दादा दुपारी घरीच असतो. उद्या रजा टाकली आहे. त्याला फक्त इतकेच विचारायचे आहे की पलंग थोडा बाजूला सरकवता येईल का.