आवाज कसा येतो, साहेब?

गॅरेजच्या दारात गाडी उभी राहते, मिस्त्री फडक्याला हात पुसत येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "आवाज कसा येतो, साहेब?" मग एरवी चारचौघांत मोजूनमापून बोलणारा माणूस भर रस्त्यात तोंडाने 'कट-कट-कट' करून दाखवतो. शेजारच्या सीटवरून बायको म्हणते, "कट-कट कुठे? खट्... खट् असा येतो." दोघांचं काही केल्या एकमत होत नाही. मिस्त्री मात्र हसत नाही. त्याच्या लेखी हा फरक हजाराच्या आतल्या लिंक रॉडचा आणि चाक फिरवणाऱ्या, कित्येक हजारांच्या ड्राइव्ह शाफ्टचा असतो.

या कामी मराठी फार उपयोगी पडते. खडखड, खरखर, करकर, कुरकुर, घरघर, टिकटिक, कुईकुई, झणझण... आजीने जात्याला, दाराला, चपलेला आणि दम्याला वापरलेले हे शब्द गाडीला जसेच्या तसे चालतात. बरं, नुसते चालत नाहीत, निम्मं निदानही सांगून टाकतात. खडखडीत ढिलाई असते, करकरीत कोरडेपणा असतो आणि खरखरीत झीज असते. काहीतरी सैल झालं की खडखडतं, रबर वाळलं की करकरतं, आणि मधलं अस्तर संपून लोखंडाला लोखंड लागलं की खरखरतं. गाडीची दुरुस्तीही बहुतेक वेळा या तीनच गोष्टींची असते: आवळणं, ओलं करणं नाहीतर बदलणं.

पण नुसता शब्द देऊन भागत नाही. जॉब कार्डावर 'गाडी आवाज करते' एवढंच लिहिलं तर कोणीतरी एसी चालू ठेवून, काचा वर करून गुळगुळीत रस्त्यावर एक चक्कर मारून येतो आणि 'आवाज आढळला नाही' असा शेरा पडतो. त्याऐवजी 'सकाळी पहिल्या पाच मिनिटांत, वीसच्या वेगाला, एकच चाक खड्ड्यात गेलं की डावीकडून एकदा खट्' असं एक वाक्य लिहून न्यावं. गाडी गार की गरम, वेग किती, सरळ की वळणावर, ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर, एवढ्या चार गोष्टी त्यात आल्या की मिस्त्रीची अर्ध्या दिवसाची शोधाशोध वाचते.

घरी आवाज येतो आणि गॅरेजमध्ये गेलं की गाडी शहाण्या मुलासारखी गप्प बसते, हा अनुभव सगळ्यांचाच आहे. यात गाडीचा खोडसाळपणा नसतो. गॅरेजपर्यंतच्या चार-पाच किलोमीटरांत इंजिन तापतं, धातू प्रसरण पावतो आणि फटी मिटतात. रात्रभरात खाली उतरलेलं ऑइलही वर पोचलेलं असतं. सकाळी स्टार्ट केल्यावर इंजिनच्या डोक्याकडून येणारी टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची) टिकटिक दोन-चार सेकंदांत थांबली तर तिकडे दुर्लक्ष करावं. थांबत नसेल तर आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, ओढावी. गाडी सपाट जागेवर हवी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली हवीत. पट्टी पुसून पुन्हा पूर्ण आत घालायची आणि मग बघायची. पहिल्यांदा ओढलेल्या पट्टीवरचं ऑइल काहीही सांगतं. बऱ्याच छोट्या गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेमध्ये साधारण एक लिटरचं अंतर असतं, म्हणून अंदाजाने डबा ओतू नये. वरच्या खुणेच्या बरंच वर गेलेल्या ऑइलला क्रँकचा (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचा) फटका बसतो, त्याचा फेस होतो, आणि फेस काही बेअरिंगला वंगण देत नाही. मुद्दा असा की गार गाडीचा आवाज असेल तर गाडी आदल्या रात्रीच गॅरेजमध्ये ठेवावी आणि पहिली किल्ली मिस्त्रीलाच मारू द्यावी. दुसरं कारण वजनाचं. घरची चौघं आणि डिकीतलं सामान घेऊन जो आवाज येतो तो मिस्त्री एकटा बसला की येत नाही. अशा वेळी गाडी आपण चालवावी आणि मिस्त्रीला मागे बसवावं.

आपल्या रस्त्यांवरचा सगळ्यात लाडका आवाज म्हणजे पुढून येणारं ते 'खट्'. गाडी वळणात कलू नये म्हणून पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक स्टॅबिलायझर बार असतो. त्याच्या दोन्ही टोकांना वीतभर ते हातभर लांबीचा एकेक लिंक रॉड असतो आणि लिंक रॉडच्या टोकांना बोराएवढी गोळी रबरी टोपीत बसवलेली असते. टोपी फाटली की आत धूळ आणि पाणी शिरतं, ग्रीस धुऊन निघतं आणि गोळी आपल्या वाटीत झिजते. हा ढिलेपणा फार तर मिलिमीटरभर असतो, पण तेवढा पुरतो. गंमत अशी की स्पीडब्रेकर सरळ ओलांडला तर आवाज नाही, तिरका ओलांडला की खट्. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर बारला पीळच पडत नाही. एकच चाक उचललं गेलं की पीळ पडतो, लिंक ओढली जाते आणि गोळी वाटीवर आपटते. सरळ आणि तिरक्यातला हा फरक मिस्त्रीला सांगितलात तर तो थेट लिंक रॉडलाच हात घालतो. दोन्ही चाकं सारख्या उंचीवर असताना रॉड मुठीत धरून हलवला की ढिलाई हाताला कळते. बदलताना जोडीनेच बदलावी. नट सोडताना मधला दांडा नटाबरोबर फिरत राहतो. त्याच्या टोकाला बहुधा अ‍ॅलन कीचं षटकोनी भोक असतं, ते धरून नट फिरवायचा. घाई झाली की लोक सरळ कटर लावतात, तो भाग वेगळा.

स्पीडब्रेकरचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या मानकाप्रमाणे ताशी 25 किलोमीटरने ओलांडायचा स्पीडब्रेकर 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा. म्हणजे जवळजवळ अख्खी छोटी गाडी त्यावर मावावी असा पसरट उंचवटा. आपल्या गल्लीच्या तोंडाशी जे असतं त्याला बांधच म्हणायला हवं. बांधावरून गाडी उतरताना 'धप्प' असा पोकळ आवाज आला आणि तो वरून, बॉनेटच्या कोपऱ्याकडून आला, तर संशय स्ट्रट माउंटिंगवर, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं वरचं टोक बॉडीला जिथे बसतं त्या जोडावर. शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर तेल ओघळलेलं दिसलं आणि कोपरा दाबून सोडल्यावर गाडी एक-दोनदा हलून थांबण्याऐवजी झुलत राहिली तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर गेलेला. करकर मात्र चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या वाळलेल्या रबरी बुशची. नवा बुश बसवल्यावर त्याचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी असताना. गाडी रॅम्पवर लटकलेली असतानाच आवळला तर जमिनीवर येताक्षणी रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश काही महिन्यांतच फाटतो. 'कालच तर काम केलं' या तक्रारीमागे पुष्कळदा हा एक बोल्ट असतो.

आता ते कट-कट. मोकळ्या मैदानात स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून गाडी सावकाश गोल फिरवावी. चाकाच्या लयीत कट-कट-कट वाजलं तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. त्यावरचं रबरी बूट, म्हणजे आवरण, घड्यांमध्ये चिरतं, चाक फिरताना ग्रीस बाहेर उडतं आणि रिमच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे दिसतात. शिंतोडे दिसले पण आवाज सुरू झालेला नाही, हीच खरी वेळ. तेव्हा नवं बूट आणि नवं ग्रीस घातलं की सुटका. एकदा वाजायला लागल्यावर आत वाळू जाऊन गोळ्यांच्या खाचा झिजलेल्या असतात. मग बूट बदलणं म्हणजे फुटक्या माठावर नवं झाकण.

वेगाबरोबर वाढत जाणारं 'हूंऽऽ' चाकाच्या बेअरिंगचंही असतं आणि टायरचंही. रस्ता बदलला, डांबरावरून काँक्रीटवर आलो आणि सूर बदलला तर टायर. रस्ता कुठलाही असो, सूर तोच राहिला तर बेअरिंग. कुठल्या बाजूचं? उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकांवर जातं. तेव्हा घुमणं वाढलं तर डावं, डावीकडे वळताना वाढलं तर उजवं. ही तपासणी मोकळ्या रस्त्यावर, सौम्य वळणावरच करावी.

पावसाळ्यात ब्रेक जरा घाबरवतात. रात्रभर पाऊस पडला की डिस्कवर गंजाची पातळ साय धरते. सकाळी पहिल्या तीन-चार ब्रेकला 'खर्रर्र' होतं आणि गंज पुसला गेला की थांबतं. ते थांबू द्यावं आणि विसरून जावं. पण उन्हातही, रोज, ब्रेक दाबला की बारीक 'किर्रर्र' येत असेल तर पॅड सांगतंय की मी संपत आलो. पुष्कळ पॅडना लोखंडाची एक छोटी जीभ असते. अस्तर दोन-तीन मिलिमीटर उरलं की ती डिस्कला घासते आणि मुद्दाम किंचाळते. नवं अस्तर साधारण दहा मिलिमीटरच्या आसपास असतं, म्हणजे तीन चतुर्थांश तुम्ही वापरून झालात. या किंचाळण्याकडे रेडिओ मोठा करून दुर्लक्ष केलं की पुढची पायरी खरखरीची: अस्तराची पाठपट्टी थेट डिस्कवर, आणि पॅडच्या खर्चात डिस्कचा खर्च मिळवायचा. गावाला जाताना आठवडाभर पावसात गाडी उभी करायची असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नये. मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटतात आणि परतल्यावर गाडी हलवताना 'टण्' करून सुटतात, कधी सुटतही नाहीत. सपाट जागा बघावी, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाला पुढेमागे वीट लावावी.

ओल्या सकाळची 'कुईऽऽ' ही इंजिनवरच्या पट्ट्याची. इंजिन चालू असताना पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर दुरून थोडंसं पाणी उडवावं. बाही, ओढणी, बोटं लांब ठेवून. आवाज वाढला तर पट्टा ढिला आणि घसरतोय. क्षणभर थांबून पुन्हा आला तर पट्टा ठीक, पुलीची रेघ चुकलीय. दोन्ही बाबतींत पट्ट्यावर स्प्रे मारणारा माणूस दिसला तर त्याला हळूच थांबवावं.

स्टार्टरचे आवाज तर फोनवरूनही ओळखता येतात. किल्ली फिरवली आणि भराभर 'टकटकटकटक' झालं तर बॅटरीत दम नाही किंवा टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी चढलीय. एकच जाड 'टक्' आणि मग शांतता, दिवे मात्र झगझगीत, तर संशय स्टार्टरवर. इंजिन बंद करून रात्र उलटल्यावर बॅटरीत 12.6 व्होल्ट हवेत. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4. तेवढे येत नसतील तर बॅटरी बिचारी निर्दोष, अल्टरनेटर तिला भरतच नाही. भुकटीवर गरम पाण्यात खायचा सोडा घालून ओतावा, कोरडं करून थोडी व्हॅसलिन लावावी. टर्मिनल काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलं आणि पॉझिटिव्ह सोडताना पाना बॉडीला टेकला, तर जी ठिणगी उडते ती बघणारा हा क्रम पुन्हा चुकत नाही.

काही आवाजांचं मात्र कौतुकच करावं. गाडी बंद केल्यावर खालून येणारी टिक... टिक... ही सायलेन्सर गार होत असल्याची. चावी काढल्यावरही फिरत राहणारा रेडिएटरचा पंखा, किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखाली दोन सेकंद गुणगुणणारा पेट्रोल पंप, ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली घरघरणारा एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), हे सगळे कामावर हजर असल्याची वर्दी देतात. आणि सगळं सस्पेन्शन उघडण्याआधी डिकीतला जॅक, त्याचा दांडा, दारातल्या खणातली सुटी नाणी आणि मागच्या रिकाम्या सीटच्या बेल्टचं बक्कल एकदा बघून घ्यावं. ते बक्कल दारालगतच्या खांबावर आपटून अगदी लिंक रॉडसारखं खट् वाजतं.

इलेक्ट्रिक गाडी घेतली की ही कटकट संपली, असं मानणाऱ्यांची थोडी निराशा होते. इंजिनच्या गजराखाली इतकी वर्षं झाकलेलं सगळं तिथे उघडं पडतं: टायरचं घुमणं, डॅशबोर्डची कुरकुर, पाठीमागच्या पार्सल ट्रेचं हलणं. वर पादचाऱ्यांना चाहूल लागावी म्हणून यातल्या काही गाड्या संथ चालताना स्पीकरमधून स्वतःच एक 'ऊंऽऽ' असा सूर काढतात. युरोपात 2021 पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक गाडीला ताशी 20 किलोमीटरपर्यंत तो सक्तीचा आहे. हा सूर ऐकून बेअरिंग गेलं म्हणून गॅरेज गाठण्याआधी वेग जरा वाढवून बघावा. स्पीकरचा 'ऊंऽऽ' वेग वाढला की मावळतो. बेअरिंगचा 'हूंऽऽ' चाळीसच्या पुढे खरा रंगात येतो.